देहही गुरूच : म्हातारपण मागे फिरतं का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दरवर्षी दत्तजयंतीच्या अंकात आपण क्षेत्रमाहात्म्य, नाममहिमा, पारायणाचे अनुभव असं वाचतो. या वर्षी मी जरा वेगळा विषय घेतला आहे, पण तो दत्तप्रभूंच्या शिकवणीबाहेरचा नाही. वयामुळे आलेली दुर्बलता मागे फिरवता येते का? येत नसेल तर निदान आवरता येते का?

आपल्या गुरुवारच्या आरतीला येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक मंडळी साठीच्या पुढची आहेत. प्रसाद घेताना बोलणं सुरू होतं ते गुडघ्यापासून, आणि पोहोचतं ते विसरण्यापर्यंत. मग कोणीतरी म्हणतं, "आता वय झालं, चालायचंच." बाकीचे माना डोलावतात आणि विषय मिटतो. माझं म्हणणं एवढंच, की विषय तिथे मिटू नये. खरा विचार तिथून पुढे सुरू व्हायला हवा.

मी डॉक्टर नव्हे. बी.कॉम. करून बँकेत लागलो आणि ३४ वर्षं आधी लेजरसमोर, नंतर संगणकासमोर बसून निवृत्त झालो. औषध सांगायचा मला अधिकार नाही आणि या लेखात मी ते सांगणारही नाही. पण एखादी रक्कम कुठल्या खात्यात जायला हवी होती आणि गेली कुठे, हे शोधण्याची सवय हाताला आहे. वाचलेलं, डॉक्टरांना विचारून घेतलेलं आणि घरात पाहिलेलं, हे सगळं त्याच सवयीने मांडतो.

देह हा गुरू कसा?

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि अवधूत यांचा संवाद आहे. हे अवधूत म्हणजेच आपले दत्तात्रेय, असं परंपरा मानते. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी इथपासून कोळी आणि कुंभारमाशीपर्यंत २४ गुरूंची यादी आपल्यातल्या अनेकांना पाठ आहे. पण यादी संपल्यावर अवधूत आणखी एक गोष्ट सांगतात, तिकडे आपलं लक्ष कमी जातं. ते म्हणतात, माझा हा देहसुद्धा माझा गुरू आहे, कारण तो मला विवेक देतो आणि वैराग्य देतो.

यातलं वैराग्य आपण चटकन उचलतो. देह नाशिवंत आहे, त्याचे लाड कशाला, असं म्हणून मोकळे होतो. विवेक मात्र मागे राहून जातो. विवेक म्हणजे निवड. तांदूळ निवडताना खडा वेगळा काढतो, तसं बदलता येणारं आणि न बदलणारं वेगळं काढणं. न निवडताच सगळं सोडून दिलं तर त्याला वैराग्य म्हणता येणार नाही. तो बहुतेक वेळा आळस असतो, नाहीतर तपासणीची भीती असते.

आमच्यातले एक जण गमतीने म्हणतात, "अजगरही गुरूच ना? तो कुठे हलतो?" अजगर गुरू आहे तो जे मिळालं त्यात समाधान मानण्याबद्दल. दिवसभर टीव्हीसमोर पडून राहायला त्याचा दाखला चालायचा नाही!

"वय झालं" हे सस्पेन्स खातं आहे

बँकेत दिवसअखेर हिशोब जुळवताना एखादी रक्कम कुठल्या खात्याची ते कळलं नाही, तर ती तात्पुरती सस्पेन्स खात्यात ठेवतात. पण तिने तिथे मुक्काम ठोकायचा नसतो. शोध घेऊन ती ज्याची त्याच्या खात्यात टाकायची. ऑडिटर आले की सस्पेन्सचं पान आवर्जून बघतात, कारण चुका तिथेच लपतात.

"वय झालं" हे आपल्या घरातलं सस्पेन्स खातं झालं आहे. पाय दुखले, टाका त्यात. ऐकू कमी आलं, टाका त्यात. नाव आठवेना, भूक लागेना, कशात मन लागेना, सगळं त्यातच. वर्षानुवर्षं कोणी ते पान उघडत नाही.

ते उघडून बघितलं तर आतल्या नोंदी तीन प्रकारच्या निघतात. काही गोष्टी वापर नसल्यामुळे गेलेल्या असतात. काही गोष्टी आजारामुळे किंवा कमतरतेमुळे गेलेल्या असतात, वयाचं नाव उगीच लागलेलं असतं. आणि काही खरोखरच वयाच्या असतात. या तिन्हींचा उपाय वेगवेगळा आहे.

१) निष्क्रिय खातं : वापर नाही म्हणून गेलेलं

बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय होतं. पैसे बुडत नाहीत. कागदपत्रं देऊन व्यवहार सुरू केला की खातं पुन्हा जिवंत होतं. स्नायूंचं बरंचसं असंच आहे.

अमेरिकेतल्या डॅलस शहरात १९६६ साली पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावलं. सगळे विशीतले. त्यांची दमछाक सोसण्याची ताकद आधी आणि नंतर मोजली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांना पन्नाशीत पुन्हा तपासलं. तेव्हा असं दिसलं, की तीस वर्षांच्या वयाने जेवढी ताकद गेली होती, त्याहून जास्त ताकद विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या पडून राहण्याने गेली होती. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. त्यांची ताकद पुन्हा तीस वर्षांपूर्वीच्या मूळ पातळीला आली.

कोणी म्हणेल, पन्नाशीचे लोक म्हणजे आपल्या मानाने पोरंच. म्हणून दुसरं उदाहरण देतो. १९९० साली बॉस्टनमध्ये डॉ. मारिया फियाटारोन यांनी वृद्धांच्या निवासातल्या दहा जणांना घेतलं. वयं ८६ ते ९६. आठ आठवडे, देखरेखीखाली, मांडीच्या स्नायूंना वजन उचलण्याचा व्यायाम दिला. एकाने मध्येच सोडलं, नऊ जणांनी पूर्ण केलं. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे १०० होती ती २७४ झाली. दोघांची काठी सुटली. दहाच माणसं, असं म्हणाल तर १९९४ साली अशाच १०० अशक्त वृद्धांवर पुन्हा प्रयोग झाला आणि ताकद दुपटीहून अधिक झाल्याचं दिसलं.

पहिल्या प्रयोगातली आणखी एक नोंद महत्त्वाची आहे. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत ३२ टक्के ताकद पुन्हा गेली. म्हणजे ही मुदत ठेव नव्हे, की एकदा ठेवली आणि विसरलो. हे चालू खातं आहे, व्यवहार रोज हवा.

आता घरचा अनुभव. चौसष्टाव्या वर्षी मला आरतीनंतर जमिनीवरून उठायला सभामंडपाचा खांब लागायचा. एक्स-रे काढला, गुडघ्यांची झीज निघाली. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. त्या बाईंनी मला खुर्चीतून हात न टेकता उठायला आणि बसायला लावलं. पहिल्या दिवशी चार वेळा जमलं, पाचव्याला धपकन बसलो. चार महिन्यांनी दोन वेळा पंधरा-पंधरा जमू लागलं. आज जमिनीवरून एक हात टेकून उठतो. पुढच्या वर्षी एक्स-रे काढला तर झीज होती तशीच होती. गुडघा नवा झाला नाही, पण त्याला धरून ठेवणारी मांडी मजबूत झाली आणि दुखणं निम्म्यावर आलं. वयाच्या नावावर टाकलेल्या माझ्या दुखण्यात काही भाग झिजेचा होता आणि काही भाग निव्वळ बसून राहण्याचा.

२) चुकीची नोंद : आजार, पण नाव वयाचं

हे खातं सर्वांत महत्त्वाचं, कारण इथे उशीर झाला तर नुकसान कायमचं होऊ शकतं.

आमच्या भजनी मंडळात एक ज्येष्ठ आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पेटी वाजवतात. वर्षभरात त्यांचे सूर चुकायला लागले, पायाला मुंग्या येत, चालताना कापसावर पाय ठेवल्यासारखं वाटे, आणि अभंगाचं पुढचं कडवं आठवेना. घरच्यांनी पेटी उचलून माळ्यावर ठेवली. "बाबांना आता जमत नाही." पुढे मुलीने माहेरपणाला आल्यावर रक्त तपासून घेतलं. बी-१२ जीवनसत्त्व अगदी खाली गेलेलं. शुद्ध शाकाहार, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी कैक वर्षं चालू. या गोळीने काही जणांचं बी-१२ कमी होतं. इंजेक्शनं सुरू झाली. सहा-सात महिन्यांत विसरणं पुष्कळ कमी झालं, पेटी खाली आली. पावलांचा बधिरपणा मात्र पूर्ण गेला नाही. नसांना झालेली इजा फार दिवस तशीच राहिली, की ती सगळी भरून येत नाही. एक साधी रक्ततपासणी वर्षभर आधी झाली असती, तर कदाचित तोही गेला असता.

अशा आणखी काही नोंदी थोडक्यात सांगतो.

डोळे : मोतीबिंदू हे आपल्या देशात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत असं अंधत्व आलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के लोकांना ते मोतीबिंदूने आलेलं होतं. एका छोट्या शस्त्रक्रियेने दृष्टी परत येते. पोथी वाचता येत नाही म्हणून पारायण सोडलेल्यांनी आधी डोळे तपासावेत.

कान : ऐकू कमी येणारा माणूस चारचौघांत गप्प बसू लागतो. भलतंच उत्तर देतो. लोक म्हणतात, डोकं चालत नाही. प्रत्यक्षात डोकं चालत असतं, प्रश्नच पोहोचलेला नसतो. चष्म्याची आपल्याला लाज वाटत नाही, मग श्रवणयंत्राची का वाटावी?

थायरॉईड : ते कमी झालं की सुस्ती, थंडी वाजणं, बद्धकोष्ठ, मंदपणा येतो. सगळं म्हातारपणासारखंच दिसतं. रक्ततपासणीत कळतं आणि गोळीने सुधारतं.

औषधं : तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या, त्यात एकच गोळी दोन नावांनी, असं पुष्कळदा होतं. झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी ज्येष्ठांची बुद्धी गुंगल्यासारखी होते, तोल जातो. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक आणि दुकानातून स्वतःहून आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून वर्षातून एकदा एकाच डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. आपल्या मनाने मात्र एकही बंद करू नये.

मन : जोडीदार गेल्यावर, नोकरी सुटल्यावर, मुलं परगावी गेल्यावर येणारं औदासीन्य कित्येकदा विसराळूपणाच्या रूपात दिसतं. नामस्मरणाने आधार मिळतोच. पण महिनोन्‌महिने भूक नाही, झोप नाही, जगण्यात रस नाही, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरकडे गेल्याने श्रद्धा कमी होत नाही.

आणि एक धोक्याची घंटा लक्षात ठेवा. म्हातारपण सावकाश येतं. काल ठीक असलेला माणूस आज भलतंसलतं बोलू लागला, तर ते वय नव्हे. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, साखर किंवा सोडियम घसरणं, असं काहीतरी असतं. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोबडी वळली, तर एक मिनिटही थांबू नये. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी मेंदूचा फोटो काढावा लागतो.

३) घसारा : जे परत येत नाही

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला घसारा शिकवतात. यंत्र कितीही जपलं तरी त्याची किंमत दरवर्षी थोडी उतरते आणि ती हिशोबात दाखवावीच लागते. मात्र तेलपाणी केलेलं यंत्र पंधरा वर्षं चालतं आणि न केलेलं सात वर्षांत बसतं.

देहाचाही घसारा आहे. कानातल्या ऐकण्याच्या सूक्ष्म पेशी एकदा गेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सांध्यातली झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी होत नाही. नाव आठवायला लागणारा वेळ वाढतो. अल्झायमरसारख्या आजारात गेलेल्या मेंदूच्या पेशी परत आणणारं औषध आज नाही.

माझ्या आईला हा आजार झाला. सगळ्या तपासण्या केल्या, चुकीची नोंद आहे का हे बघितलं. नव्हती. सहा वर्षं आम्ही तो सांभाळला. परत काहीच आलं नाही. आधी दिवस गेले, मग नातवंडांची नावं, मग माझं. पण सांभाळण्याने जे झालं ते सांगतो. माझ्या पत्नीने आईचा दिवस घड्याळाला बांधला. त्याच वेळी चहा, त्याच वेळी अंघोळ, त्याच वेळी तुळशीपाशी. संडासच्या दारावर मोठं चित्र लावलं, रात्रभर तिथे दिवा ठेवला, भिंतीला धरायला दांडी बसवली. "मी कोण, ओळख बरं?" असं विचारायला घरात सगळ्यांना बंदी केली. सहा वर्षांत आई एकदाही पडली नाही, आणि संध्याकाळची तिची तगमग निम्म्याने कमी झाली. माझं नाव विसरलेली आई दत्ताची आरती मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणायची. गाण्याची आठवण या आजारात बऱ्याच जणांची उशिरापर्यंत टिकते, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही रोज तिच्याबरोबर बसून ती म्हणायचो. तेवढा वेळ ती पूर्वीचीच असायची.

म्हणून "परत येणार नाही" याचा अर्थ "करण्यासारखं काही नाही" असा नव्हे. शिवाय पुढचा घसारा हळू करणंही काही अंशी आपल्या हातात आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०२४ साली १४ कारणं मोजली. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठेपणा, एकटेपणा, उपचार न केलेलं कान-डोळ्यांचं अधूपण ही त्यातली काही. ही सगळी कारणं दूर झाली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा हिशोब आहे. हा साऱ्या समाजाचा हिशोब झाला, एकेका माणसाची हमी नव्हे. सगळं सांभाळूनही कोणाला हा आजार होऊ शकतो, आणि झाला तर तो त्या माणसाचा दोष नसतो.

इथे अवधूतांचा चंद्र हा गुरू आठवावा. कला वाढतात, घटतात. चंद्र आहे तोच राहतो. जन्मापासून मरणापर्यंतचे बदल देहाचे आहेत, आत्म्याचे नाहीत. विवेकाने निवडून झाल्यावर जे उरतं, त्यासाठी हे वैराग्य आहे. गिरनारला २०२० साली रोपवे झाला, पण तो अंबाजीपर्यंतच. दत्तपादुकांपर्यंत पुढे पायऱ्याच आहेत. हृदयाचा आजार असलेल्याला डॉक्टरांनी नको म्हटलं, तर त्याने घरच्या पादुकांवर फूल वाहावं. तिथलं दर्शन कमी प्रतीचं नाही.

मग रोज काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने ६५ वर्षांपुढच्यांसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगितला आहे. आपल्या दिनक्रमात ते असं बसवता येईल. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा चक्कर असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

चालणं : देवळात जाताना जरा भरभर चालावं. चालताना बोलता येतं पण आरती गाता येत नाही, एवढा वेग पुरेसा. प्रदक्षिणा मात्र शांतपणेच घालाव्यात, त्या व्यायामात मोजू नयेत.

ताकद : भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीतून उठणं-बसणं. पाचपासून सुरुवात. श्वास कोंडू नये. छातीत दुखलं, दम लागला, चक्कर आली तर थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं.

तोल : ओट्याला धरून टाचा वर उचलणं, मग एका पायावर उभं राहणं. आधार हाताशी असावाच.

जमीन : ज्यांना जमतं त्यांनी जमिनीवर बसणं सोडू नये. ब्राझीलमध्ये ५१ ते ८० वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना जमिनीवर बसून उठायला सांगितलं आणि नंतर काही वर्षं त्यांची नोंद ठेवली. ज्यांना ते फार कठीण गेलं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ उठबस केल्याने आयुष्य वाढतं असा सरळ लावू नये. पण ताकद, तोल आणि लवचीकपणा यांची ती चांगली परीक्षा आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी बिनदिक्कत खुर्ची घ्यावी. दत्तगुरू बैठक बघत नाहीत.

जेवण : वय वाढलं की प्रथिनं थोडी जास्तच लागतात. वजनाच्या दर किलोला साधारण एक ग्रॅम, असं तज्ज्ञ सांगतात. साठ किलोला साठ ग्रॅम. वाटीभर वरणातून मिळतात पाच-सहा, पेलाभर दुधातून सात-आठ. म्हणजे चहा-पोळी आणि रात्री दूधभात यावर हिशोब जुळत नाही. डाळी, उसळी, दही, ताक, पनीर, चालत असेल त्यांना अंडं, हे वाढवावं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय वाढवू नये. गुरुवारच्या उपवासाला साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, त्यापेक्षा राजगिरा, शेंगदाणे, दूध बरं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी उपवास आणि पारायणाचे नियम डॉक्टरांना सांगून, औषधाच्या वेळा ठरवून घ्यावेत. साखर खाली जाऊन आसनावरच घेरी आली, तर पारायण पुरं होणार नाही.

पडणं टाळणं : झोपेतून उठताना आधी बसावं, दोन मिनिटांनी उभं राहावं. न्हाणीघरात दांडी बसवावी. अभिषेकानंतर गाभाऱ्यासमोरची फरशी ओली असते, तिथे मोजे घालून जाऊ नये. आपल्या विश्वस्त मंडळींना विनंती, की तिथे एक जाडसर पट्टी आणि बाजूला कठडा करावा.

माणसांत राहणं : भजन, पारायण, पालखीची तयारी, देणगीच्या पावत्या लिहिणं, काहीही. नवीन अभंग पाठ करणं हा बुद्धीचा उत्तम व्यायाम. आणि घरच्यांना विनंती, म्हाताऱ्या माणसाच्या हातून काम काढून घेऊ नका. हळू करू द्या, पण करू द्या.

तारुण्य विकणाऱ्यांपासून सावध

पेन्शनच्या तारखेच्या आसपास वर्तमानपत्रात जाहिराती वाढतात. सात दिवसांत गुडघे नवे, महिन्यात तारुण्य परत, कायाकल्प कॅप्सूल. एक साधी गोष्ट ध्यानात ठेवा. माणसाचं म्हातारपण उलटवणारं सिद्ध झालेलं औषध आज जगात कुठेही नाही. बँकेत कोणी महिन्याला दामदुप्पट देतो म्हणाला तर आपण सावध होतो, तीच सावधगिरी इथे ठेवावी. कशात काय घातलंय हे लिहिलेलं नसलेल्या पुड्यांनी मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो. तेवढ्या पैशांत रक्ततपासणी, चष्मा आणि न्हाणीघराची दांडी होते.

सुक्या लाकडाला पाणी

श्रीगुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरीची कथा आहे. कुष्ठाने गांजलेल्या त्या ब्राह्मणाला श्रीगुरूंनी औदुंबराचं वाळलेलं लाकूड संगमावर रोवून त्याला पाणी घालायला सांगितलं. लोक हसले. तो पाणी घालत राहिला. पुढे श्रीगुरूंच्या कृपेने त्या लाकडाला पालवी फुटली आणि त्याचा देहही शुद्ध झाला.

ही कथा आपण कृपेची म्हणून ऐकतो, ती तशी आहेच. पण पाणी घालायचं काम श्रीगुरूंनी नरहरीकडेच दिलं होतं. पालवी फुटणं त्याच्या हातात नव्हतं, घागर उचलणं होतं. आपल्या देहाच्या लाकडाला कुठे पालवी फुटेल, कुठे फुटणार नाही, हे आधी सांगता येत नाही. कुठे तपासणीने उलगडा होईल, कुठे व्यायामाने जोर येईल, आणि काही ठिकाणी नुसतं मायेने सांभाळावं लागेल.

तेव्हा या दत्तजयंतीला प्रत्येकाने कागदावर आपल्या तक्रारी लिहाव्यात. "वय झालं" हा शब्द त्यात लिहायचा नाही. एकेका तक्रारीपुढे लिहायचं : वापर नाही म्हणून, आजार म्हणून, की खरोखर वयामुळे? जिथे कळत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं. पुढच्या दत्तजयंतीला तोच कागद पुन्हा काढायचा आणि किती नोंदी मिटल्या ते बघायचं. ज्या उरतील, त्या महाराजांच्या पायाशी ठेवायच्या.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!